घासणीने कोरलेलं स्वस्तिक

मला गाडी चालवता येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी गाड्यांबद्दल जे काय बोलणार आहे ते ऐकून तुम्हाला वाटेल हा कोणीतरी जाणकार माणूस आहे. अठरा वर्षं मी ठाण्यात कोलशेतला एका सोसायटीत लोकांच्या गाड्या पुसतोय. डोंबिवलीहून सकाळी स्कूटर काढायची, हल्ली माणकोलीच्या पुलावरून खाडी ओलांडायची आणि साडेसहाला पार्किंगच्या नळाखाली बादली लावायची. पण गाडीत बसलो तो फक्त पायपोस काढायला.

शाळा चौथीपर्यंत. चौथी पास झालो की नाही ते मला आठवत नाही, मास्तरांना आठवत असेल. पण गाडी धुण्याच्या बाबतीत मी स्वतःला मोठा प्रोफेसर समजायचो. माझे नियम ठरलेले. रोज कोरडा फडका मारायचा, आठवड्यातून एकदा पाणी. फडका म्हणजे जुनं बनियन, त्याच्याइतकं मऊ जगात काही नाही. हात गोल गोल फिरवायचा, गोल फिरवला की चकाकी येते. साबण भांड्यांचा, कारण तो तूप काढतो तर धूळ काय चीज आहे. आणि गाडी उन्हात उभी असेल तर उत्तम, आपोआप सुकते, पुसायची मेहनत वाचते. काळ्या गाडीला बादलीत चार थेंब रॉकेल. हे मला कोणी शिकवलेलं नाही. मीच ठरवलं आणि मीच मानलं. लोक विचारायला यायचे, मी ज्ञान वाटायचो. वॉचमन मला डॉक्टर म्हणायचा. मी पण ओ द्यायचो.

बायको डोंबिवलीत घरातूनच पोळीभाजी केंद्र चालवते. तिने चव्वेचाळिसाव्या वर्षी ड्रायव्हिंग शिकायचं काढलं. डबे वाढलेले, रिक्षावाले वेळेवर मिळत नव्हते. मी म्हटलं, "अगं, या वयात?"

ती म्हणाली, "तुमच्या वयाचं काय ते बघा. अठरा वर्षं गाडीच्या बाहेर उभे आहात."

मी स्कूटर पुसायला गेलो.

कल्याणला, पारनाक्याजवळ तिचं माहेर. मोठा भाऊ स्वतःचा टेम्पो चालवतो, बाजारातला माल टाकतो. तिच्या ड्रायव्हिंगचं कळल्यावर तो जेवताना सगळ्यांसमोर हसला. "नवरा दुसऱ्यांच्या गाड्या पुसतो, आता बायको आपटणार. बरं आहे, कामाला काम." घरातले सगळे हसले. मीसुद्धा हसलो, सवय आहे. ती हसली नाही. पोळीचा तुकडा तिच्या हातात तसाच राहिला. घरी येताना रिक्षात तिने मला एवढंच सांगितलं, "भाऊबीजेला मी माझी गाडी घेऊन येणार. दारात उभी करणार. आणि त्या दिवशी तिच्यावर एक डाग दिसता कामा नये. ते तुमचं काम."

म्हणजे चालवायचं काम तिचं, चमकवायचं माझं. मला वाटलं, सोपं काम माझ्याकडे आलं.

दसऱ्याला गाडी आली. छोटी, पांढरी. शोरूममधून ती स्वतः चालवत आली, मी बाजूला बसून सारखा पाय दाबत होतो, माझ्या बाजूला ब्रेक नाही हे माहीत असूनही. बिल्डिंगखाली पूजा. नारळ, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबं. बॉनेटवर स्वस्तिक काढायला मीच पुढे झालो. बायको म्हणाली, "पाण्यात कालवा, नुसतं बोट टेकवा." पण प्रोफेसर ना मी. मी कुंकू खोबरेल तेलात कालवलं, म्हणजे लवकर जायचं नाही. वर थोडी हळद. बोटाने असं ठसठशीत स्वस्तिक काढलं की खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "वा, अगदी छापल्यासारखं!"

खरंच छापलं गेलेलं, ते नंतर कळलं.

आता आपल्याकडे नवीन गाडीवरचं स्वस्तिक कोणी हाताने पुसत नाही. ते आपोआप जायचं असतं. पुसलं तर अपशकुन. म्हणून मी गाडी रोज धुवायचो, पण स्वस्तिकाच्या कडेकडेने, जसं लादी पुसताना बाया रांगोळीच्या बाजूने फडका फिरवतात तसं. वरून ऑक्टोबरचं ऊन. आमच्याकडे शेड नाही, गाडी दिवसभर तापायची, बॉनेटवर पापड भाजून निघाला असता. पंधराएक दिवसांनी मी बघितलं तर कुंकवाची पूड उडून गेलेली आणि खाली गुलाबी स्वस्तिक पांढऱ्या रंगात मुरलेलं. हळदीच्या जागी पिवळट सावली. हात फिरवला. हाताला काहीच लागलं नाही. म्हणजे वर काही नव्हतंच, जे होतं ते आत.

वसुबारस तोंडावर आलेली. बायको सकाळी वर केंद्रात, चकल्यांची ऑर्डर. मी खाली एकटा.

आधी भांड्यांचा साबण लावला. नाही गेलं. लिंबू चोळलं. नाही गेलं. मग किचनमधून ती हिरवी घासणी आणली, करपलेल्या कढईला लावतात ती. आणि इथे मी माझं डोकं वापरलं, जे मी शक्यतो वापरत नाही. म्हटलं, सगळ्या बॉनेटवर कशाला घासायचं, बाकीचा रंग खराब होईल. फक्त डागावर घासू. म्हणून मी घासणीचा कोपरा दुमडून, जीभ दातात धरून, स्वस्तिकाच्या एकेका रेषेवरूनच घासलं. सरळ रेष, मग वळण, मग पुढची रेष. चारही हात. पहिलीत अक्षरं गिरवायचो ना, तसं. एवढं मन लावून तेव्हा गिरवलं असतं तर चौथीच्या पुढे गेलो असतो.

गुलाबी रंग गेला. मी खूश. वरून पाणी ओतलं, बॉनेट आरशासारखं. मी तर शिट्टी वाजवली.

दहा मिनिटांनी ऊन लागून पाणी सुकलं, आणि चकचकीत बॉनेटच्या मधोमध एक निस्तेज, धुरकट स्वस्तिक वर आलं. गुलाबी होतं तेव्हा निदान कुंकू वाटत होतं. आता कोरल्यासारखं दिसत होतं.

मी परत पाणी ओतलं. गेलं. सुकलं. आलं. परत ओतलं. ओलं असेपर्यंत गाडी नवी, सुकली की माझी करामत हजर. फराळाच्या ऑर्डरींमुळे बायको खाली उतरत नव्हती तेवढंच नशीब, पण तेव्हापासून मला चैन नाही. जेवताना उठून खिडकीतून खाली बघायचो. बायको विचारायची, "काय बघताय सारखं?" मी म्हणायचो, "कावळे बसतात गाडीवर." दर तासाला पाण्याचा मग घेऊन खाली. टूथपेस्ट लावली, कारण टूथपेस्टने ओरखडे जातात असं मीच कोलशेतमध्ये कितीतरी लोकांना सांगितलेलं. बॉनेटला पुदिन्याचा वास यायला लागला, ओरखडे जागेवर. रॉकेल लावलं. दोन तास छान दिसलं, मग त्या तेलकटपणावर एवढी धूळ चिकटली की स्वस्तिक आता काळ्या रंगात दिसायला लागलं. लिंबू, पुदिना, चटणीचं सगळं घालून झालं, खोबरंच तेवढं राहिलेलं, आणि त्याचं तेल तर पहिल्याच दिवशी घातलेलं.

बायको गॅलरीतून काकूंना सांगत होती, "किती जीव लावलाय बघा गाडीला! माझ्या आजारपणात इतक्या वेळा आले नव्हते बघायला." मी ऐकलं. पाण्याचा मग हातात घेऊन खाली तिथेच उभा.

धनत्रयोदशीला काम संपवून मी ठाण्यातच खोपटला गेलो. एसटी डेपोच्या मागच्या बाजूला गाड्यांचं पॉलिश करणाऱ्याचं दुकान आहे. माणूस इथला गाववाला, माझ्यापेक्षा लहानच, पण हात बघून कळत होतं की काम येतं. मोबाईलवर काढलेला फोटो दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला.

"जरा मोठा कर." मी मोठा केला. "ह्ये कुनी केला रं?"

"शेजाऱ्याने."

"तुझा शेजारी येडा हाय का?"

"थोडा," मी म्हटलं.

त्याच्या दुकानात एक काळी गाडी उभी होती. त्याने मला तिथे नेलं, मोबाईलची टॉर्च लावली आणि दरवाजावर तिरकी धरली. "बघ." उजेडाभोवती कोळ्याचं जाळं असावं तशा हजारो बारीक गोल रेषा. तो म्हणाला, "रंगावर एक पारदर्शक थर असतो. कागदाएवढा पातळ. चकाकी सगळी त्याची. कोरडा फडका मारला की धुळीतली वाळू त्याच्यावर घासते. आधी नुसतं पाणी सोडायचं, धूळ वाहून जाऊ द्यायची, मग कापड. दोन बादल्या पाहिजेत, एक शाम्पूची, एक कापड खळबळायची. सावलीत धुवायचं. हात सरळ न्यायचा. भांड्याचा साबण तर बिलकूल नाय, तो वरचं मेण पण खाऊन टाकतो. ह्या काळ्या गाडीला रोज गोल गोल पुसलाय कुणी नालायकाने."

"बनियन तर मऊ असतं ना?" मी हळूच विचारलं.

"बनियन मऊच. वाळू मऊ असते का?"

मी मोबाईल खिशात टाकला. तो म्हणाला, "घेऊन ये ती गाडी. मशीनने बघतो. दोन दिवस हाय मी, मंग दिवाळीला दुकान बंद." मी म्हटलं, तुम्हीच घरी या. मशीन घेऊन डोंबिवलीला येणार नाही म्हणाला. "आण की चालवत."

इथे मी अडकलो. अठरा वर्षं गाड्यांमध्ये काढली आणि ठाण्यापर्यंत एक गाडी आणता येत नाही मला. ढकलत आणली तर पोचेपर्यंत तुळशीचं लग्न लागलं असतं. म्हणजे जिच्यापासून लपवायचं, तिनेच चालवत आणायची.

दुसऱ्या दिवशी पहाटे पहिली अंघोळ उरकून कोलशेतला गेलो. पार्किंगमध्ये दहा वर्षं मी पुसत असलेली एक काळी गाडी आहे, तिचे साहेब मला दर दिवाळीला मिठाई देतात. मी मोबाईलची टॉर्च लावली आणि दरवाजावर तिरकी धरली.

गोल. सगळे गोल. आणि गोल पण कसे, उजवीकडून सुरू होऊन खाली जरा लांबट, कारण माझा खांदा जुना दुखरा आहे, हात खाली येताना सुटतो. माझी सहीच ती. मला सही नीट करता येत नाही, बँकेत दोनदा परत पाठवलेलं, पण इथे एकसारख्या हजार सह्या. दुसऱ्या गाडीवर टॉर्च मारली. तिसऱ्या. मला पुढे बघवेना, आणि थांबवेना पण.

मागून साहेब आले. "काय रे, टॉर्च मारून काय शोधतोयस? काही पडलं का?"

"नाही साहेब. हो साहेब," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या हातात मिठाईचा बॉक्स दिला. त्या दिवशी मी एकाही गाडीवर फडका मारला नाही. नुसतं पाणी सोडत फिरलो, वॉचमन ओरडला, "डॉक्टर, टाकी रिकामी करणार काय?"

घरी आलो तर बायको शेवटच्या पोळ्या लाटत होती. मी दारातच उभा राहिलो.

"एक सांगायचंय."

"बोला. हात चालूच आहेत माझे."

"गाडी खोपटला न्यायला लागेल. पॉलिशवाल्याकडे."

"नवीन गाडीला पॉलिश कशाला?"

मी सांगितलं. कुंकू, तेल, लिंबू, घासणी, टूथपेस्ट, रॉकेल. सांगताना मधे एक-दोन विनोद करून बघितले. ती हसली नाही. लाटणं थांबलं. तव्यावरची पोळी फुगली, मग बसली, मग करपायला लागली. इतक्या वर्षांत तिची पोळी करपलेली मी पहिल्यांदा बघितली.

"कुठली घासणी?" तिने विचारलं.

"हिरवी."

"मी तीन दिवस शोधतेय ती." तिने गॅस बंद केला. "म्हणजे कावळे बसत नव्हते."

"नाही."

"दादाच्या दारात मी ती गाडी उभी करणार होते, अहो." आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. "तो आयुष्यभर बोलेल. तुम्हाला नाही, मला. तुम्ही हसून मोकळे होता."

माणूस सगळं स्वतःवर घेऊन हसवतो तेव्हा त्याला वाटतं आपण कोणाला त्रास देत नाही. तिच्या हातात राहिलेला तो पोळीचा तुकडा मला त्या दिवशी दिसलेला. मी तेव्हा पण हसत होतो.

तिने हात धुतले, किल्ली घेतली. "चला. बंद होईल दुकान."

ठाण्यापर्यंत तिने चालवली. मी पाय दाबत बसलो. पॉलिशवाल्याने तिला बघितलं, मला बघितलं, आणि म्हणाला, "ताई, हा शेजारी का?"

"नवरा," ती म्हणाली.

"मंग बरोबर," तो म्हणाला.

त्याने आधी गाडी धुतली. मी तर बघतच राहिलो. पाणी सोडलं, वाट बघितली, कापड अलगद सरळ नेलं, प्रत्येक वेळी दुसऱ्या बादलीत खळबळलं. त्या दुसऱ्या बादलीचा तळ मी बघितला, वाळू बसलेली. ती वाळू मी अठरा वर्षं परत परत गाडीवर लावत आलेलो. मग मशीन. घरघर बराच वेळ चालली. बॉनेट उजळत गेलं, रेषा फिकट होत गेल्या, आणि एका जागी येऊन तो थांबला. "ह्याच्यापुढं नाय. थर फाटंल, खालचा रंग येईल. समोरून दिसणार नाय. उन्हात तिरका बघितला तर थोडा दिसंल."

बायकोने वाकून तिरकं बघितलं. स्वस्तिक होतं. धुक्यात असल्यासारखं, पण होतं.

"राहू दे," ती म्हणाली. त्याला म्हणाली की मला, ते मी विचारलं नाही.

भाऊबीजेला आम्ही नव्वद फुटी रस्त्याने, पत्री पुलावरून कल्याणला गेलो. पुलावर गर्दीत मागून टेम्पोवाले हॉर्न मारत होते, ती शांत. पारनाक्याच्या गल्लीत दोन स्कूटर आणि एक भाजीची गाडी यांच्यामधून तिने गाडी अशी काढली की मी डोळे उघडले तेव्हा आम्ही दारात उभे होतो. घरातले सगळे बाहेर आले. पोरंसोरं, वहिनी, मोठा भाऊ शेवटी. तो बायकोकडे बघत होता, मग स्टिअरिंगकडे, मग परत तिच्याकडे.

मी खाली उतरून बॉनेटपुढे उभा राहिलो. ऊन तिरकं पडत होतं. माझी सावली त्या जागेवर पडेल असा उभा राहिलो. आत चहा झाला, ओवाळणं झालं, मला तीन हाका आल्या. "येतो येतो" म्हणत मी तिथेच. ऊन सरकलं की मी सरकायचो. वहिनी म्हणाल्या, "दाजींना आज गाडीने झपाटलंय काय?"

टिळा लावलेला मोठा भाऊ बाहेर आला. त्याने गाडीला एक फेरी मारली. टायरला पाय लावून बघितला, टेम्पोवाला ना. मग खांद्यावरचा नॅपकिन काढला आणि म्हणाला, "धूळ बसलीय रस्त्याची." आणि बॉनेटवर हात गोल फिरवायला लागला.

तो कधी कोणाची गाडी पुसत नाही. तो हात म्हणजे त्या दिवशीच्या हसण्यावर त्याचं जे काही बोलणं होतं, ते होतं. मला कळत होतं. तरी मी झडप घालून त्याचं मनगट धरलं.

"कोरडं नको, दादा!"

त्याने माझ्या हाताकडे बघितलं. आणि मी पुढे झाल्यामुळे माझी सावली सरकली, बॉनेट उन्हात आलं.

"हे काय आहे?" तो वाकला. "स्वस्तिक? गेलं नाही अजून?"

बायको दारात उभी होती, ताट हातात. मी तिच्याकडे बघितलं नाही. मला वाटलं आता ती काहीतरी सांगून वेळ मारून नेईल, शोरूमवाल्याने केलं म्हणेल.

"ह्यांनी केलं," ती म्हणाली. "कढईच्या घासणीने." आणि मग तिने सगळं सांगितलं, तेल, लिंबू, पुदिन्याचा वास, कावळे. मी केलेले विनोद पण सांगितले, जे माझ्याकडून ऐकताना ती हसली नव्हती. सांगता सांगता ती स्वतःच हसायला लागली. वहिनी ओट्यावर बसल्या. भाऊ नॅपकिन तसाच माझ्या हातात सोडून पोट धरून हसला. मी हसलो नाही, पहिल्यांदाच, मला जमलं नाही.

मग तो डोळे पुसत म्हणाला, "अगं, पण पत्री पुलावरून आणलीस तू? भाऊबीजेच्या गर्दीत?"

"मग काय उडत आणली?"

"ह्या गर्दीत मी पण माझा टेम्पो आज बाहेर काढला नाही." तो पुढचा दरवाजा उघडून तिच्या बाजूच्या सीटवर जाऊन बसला. "चल, दुर्गाडीपर्यंत एक चक्कर मार."

मागे वहिनी बसल्या, तीन पोरं बसली. मला जागा राहिली नाही. तिने आरसा नीट केला, गाडी मागे घेतली, आणि बाहेर पडताना काच खाली करून मला म्हणाली, "तुम्ही जेवून घ्या."

गाडी वळणावर गेली. मी रस्त्यात उभा, भावाचा नॅपकिन हातात. घरात जाण्याआधी मी तो झटकला. बारीक वाळू पडली, दिसेल एवढी.

मी तो परत एकदा झटकला.